आणखी पंधरा मिनिटं

ऋतुजाने आणखी पंधरा मिनिटे मागितली आहेत. मंजूर. नामंजूर.

धर्माबादहून मिरचीची पोती भरून गाडी निघाली की शेवटच्या डब्यातला गार्डसुद्धा नांदेडपर्यंत शिंकत येतो, असं ऑफिसात सांगतात. शिंकणारा गार्ड कोणी पाहिलेला नाही.

कोंबडी अंड्यांवर बसली की तिच्याशी बोलत राहावं. म्हणजे ती उठत नाही. हे साखराबाईचं म्हणणं.

लातूरला चौकातल्या क्लासच्या मोठ्या फलकावर पांढऱ्या कोटातली एक हसरी मुलगी आहे. वाऱ्याने तिचा गाल फाटला आहे आणि त्यातून खालच्या, गेल्या वर्षीच्या मुलाचा डोळा दिसतो.

भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडांवर पहिल्यांदा गारा पडल्या तेव्हा अख्खी वस्ती बाहेर पळाली आणि उघड्यावर गारा खात उभी राहिली. कोणी हसलं नाही.

शांतता राखा.

गाडीला झालेला उशीर कोणाच्या तरी नावावर घालावाच लागतो. रूळवाल्यांच्या, सिग्नलवाल्यांच्या, इंजिनवाल्यांच्या. बेवारस उशीर ठेवता येत नाही.

साखराबाईचा फोन आला तेव्हा दयानंद असाच एक उशीर कोणाच्या नावावर घालायचा यावरून टेबलापलीकडच्या माणसाशी भांडत होता. रेल्वेच्या विभागीय कार्यालयात त्याचं कामच ते होतं. आईने फोन करावा हे नवल होतं. ती फोन करत नसे. तिला फोन केला जाई. तो व्हरांड्यात आला. 'दया,' ती म्हणाली, 'पोरीला काय झालंय रे?' 'कोणत्या पोरीला?' 'कोणत्या म्हणं! तुला किती पोरी हायत्या? रुतूला.' 'तिला काय होतंय? लातूरला हाय, अभ्यास करायली.' 'ते मला ठाव हाय. पर हूं म्हणंना झालीय. चार रोज झालं. त्या दिशी मी आपली बोलूनच राहिले, बोलूनच राहिले, आन ज्ञानोबा आला चहाला, तर म्हणला, वैनी, फोन कवाच बंद पडलाय, कुणाशी बोलायलीस? मला काय कळतंय त्यातलं. त्यानं पुन्हा लावून दिला तर लागंना. तवापून लागंना.' दयानंदने विचारलं, 'ती तुझ्याशी बोलत असती?' 'ती कशाला बोलंल? तिला वेळ कुठंय. मी बोलते. ती हूं म्हणती. तिचं पेन वाजत असतंय चरचर चरचर. मी मटकी निवडते, कोंबड्यांस्नी हाकलते, ज्ञानोबाला शिव्या घालते, ती हूं म्हणती. शाळेवानी सकाळ दुपार चालू असतंय आमचं. फोन मी देवापाशी ठेवते उभा.'

तो व्हरांड्यातच उभा राहिला. खाली कोणाचा तरी ऑटो सुरू होत नव्हता आणि तो माणूस पुन्हा पुन्हा दोरी ओढत होता. दयानंदने फोनमधलं ते ॲप उघडलं. जांभळ्या रंगाचे उभे पट्टे. एकेक पट्टा म्हणजे ऋतुजाचा एकेक दिवस. पहिले ठेंगणे, मग उंच, मग आणखी उंच, आणि चार दिवसांपूर्वी एकदम कापल्यासारखे. पट्ट्याला बोट लावलं की खाली नाव येई : व्हॉट्सॲप. रोज चार तास, पाच तास. त्यात काय, कोणाशी, ते ॲप सांगत नसे. किती तेवढंच सांगे. आणि किती हे कळल्यावर बाकीचं त्याने स्वतः भरून काढलं होतं. मुलगा. दुसरं काय असणार? त्या मुलाला त्याने हळूहळू केस दिले होते, कानावर कापलेले. मोटरसायकल दिली होती. गावसुद्धा दिलं होतं, नायगाव, कारण ऑफिसात नायगावचा एक जण त्याला मुळीच आवडत नसे. रात्री जेवताना तो त्या मुलाचा घास घेई. बायको म्हणायची, काय दात खातायसा, भाकरी खावा. आणि तो मुलगा म्हणजे देवापाशी डब्याला टेकवून उभा केलेला एक फोन होता, आणि मटकी निवडणारी त्याची आई.

ॲप मुनीबने घालून दिलं होतं. देगलूर नाक्यावरचं त्याचं मोबाइलचं दुकान, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं एवढं. मुनीब फार खुशीत ते काम करत होता. 'दयाभाई, बच्ची का फोन इधर लाव. हे बघा, हितं तिची घडी, हितं तुमची चाबी. दिवसाचा टाइम संपला की फोन खलास. फक्त तुमचा नंबर लागंल. जास्तीचा टाइम पायजे तर ती तुम्हाला मागणार. तुम्ही हाव म्हणलं तर हाव, न्हाई म्हणलं तर न्हाई. आता पोरगी श्वास घेतली तरी तुम्हाला हितं दिसतंय बघा!' ऋतुजा शेजारीच उभी होती, नव्या फोनच्या कव्हरचा रंग निवडत. तिने पिवळा निवडला. मुनीबने स्वतःच्या मुलाच्या फोनमध्ये ते ॲप घातलंय का, असं तिने विचारलं, तेव्हा मुनीब म्हणाला, 'फरहान? अरे त्यानंच तर मला शिकवलं हे,' आणि सगळे हसले होते. हसताना दयानंदला वाटलं होतं की आपण चांगला बाप आहोत.

आणि मग भुजंग सर. लातूरच्या क्लासचे. दर रविवारी संध्याकाळी प्रत्येक मुलाने आपल्या फोनचा आठवड्याचा वेळ क्लासच्या ऑफिसात दाखवायचा, आणि रात्री त्याची यादी पालकांच्या ग्रुपवर येणार, कमी वेळापासून जास्तीकडे, मार्कांची यादी लावतात तशीच. वरच्या दहा जणांना हिरवा रंग. मथळा, आठवड्याचे संयमी विद्यार्थी. खालच्या दहा जणांना लाल. भौतिकशास्त्रात मुलगा कितवा आला यापेक्षा पालक आता हीच यादी आधी उघडत. उदगीरचे एक वडील तर मुलगा हिरव्यात आला की पेढ्यांचा फोटो टाकत. सरांचा आवाजातला निरोप त्याखाली येई : 'मौन, पालकहो, मौन! जगात जे मोठं झालं ते मौनात झालं. आपलं मूल आज गप्प आहे, उद्या त्याच्याबद्दल जग बोलेल.' दयानंदला हे पटत असे. सरांच्या बोलण्यामुळे नव्हे. मौनाबद्दल त्याच्यापाशी स्वतःची साक्ष होती. यादीत ऋतुजा तीन रविवार लाल होती. तिसऱ्या रविवारी त्याने फोन केला. 'कोणाशी बोलतीस?' 'कोणाशी न्हाई.' 'मग पाच पाच तास काय करतीस?' 'काही न्हाई बाबा. नुसतं चालू असतं.' 'नुसतं म्हणजे?' 'नुसतं.' त्यावर त्याने तिचा दिवसाचा वेळ एक तासावर आणला. चाबी त्याच्याकडे होती. बोटाने एक गोल ठिपका डावीकडे ओढायचा, बस्स. ठिपका ओढताना फोन थोडासा थरथरतो, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागणी आली. आणखी पंधरा मिनिटे. नामंजूर. लगेच पुन्हा. नामंजूर. पुन्हा. त्या वेळी तो साहेबांच्या खोलीत उभा होता, फोन खिशात गुरगुरत होता, आणि त्याला आतून एक कडवट समाधान वाटलं, की बघा, नायगावकर तडफडतोय. मग गुरगुर थांबली. ती थांबली याचंही समाधान वाटलं.

आईच्या फोननंतर अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो लातूरच्या एस.टी.त बसला. लोह्यापर्यंत त्याने काही विचार केला नाही, खिडकीतून सोयाबीन बघत राहिला. मग फोन काढला आणि ठिपका उजवीकडे ओढला, अगदी टोकापर्यंत. मर्यादा नाही. खाली अक्षरं आली : ऋतुजाचा फोन बंद आहे. फोन सुरू झाल्यावर हा बदल लागू होईल. शेजारच्या माणसाच्या मांडीवर फोनमध्ये कोणीतरी विहिरीत क्रेन सोडत होतं, आवाज मोठा ठेवून. पुढच्या बाकावरची बाई तान्ह्या पोराला फोनवर एक नाचणारं अस्वल दाखवत होती. दयानंदच्या फोनने अचानक त्याचाच हिशोब वर आणला, दर आठवड्याला आणतो तसा, आणि त्याने पहिल्यांदाच तो नीट वाचला. सगळ्यात जास्त वेळ त्या ॲपमध्येच गेला होता. ऋतुजा फोनवर किती वेळ आहे हे बघण्यात. त्याचा पट्टा तिच्या पट्ट्यापेक्षा फार बुटका नव्हता. आणि तो वेळ कोणाच्या नावावर घालायचा? रूळवाल्यांच्या की सिग्नलवाल्यांच्या?

तिने सरळ सांगितलं का नाही की आजीशी बोलते? कारण त्यानेच मना केलं होतं. फार पूर्वी, ती दुसरीत-तिसरीत असताना सुट्टीला आजीकडे राहून आली आणि अंथरुणात मुतायला लागली. पंखा गरगरला तरी उठून दारात जाऊन उभी राहायची. साखराबाईने तिला सगळं सांगितलं होतं, भिंती कशा अंगावर आल्या, माळवदाची माती कशी तोंडात जाते. तो तेव्हा आईवर ओरडला होता, 'पोरीच्या डोक्यात भूकंप भरवू नको!' आणि ऋतुजाला सांगितलं होतं, आजीशी कामापुरतं बोलायचं. साखराबाईला कामापुरतं बोलता येत नाही. गावात तिला रेडिओ म्हणतात. ती आधी अशी नव्हती म्हणतात. आधी ती दोन शब्दांची बाई होती. त्या एका दिवसाने तिच्या तोंडाचा बांध फुटला तो पुन्हा कधी बांधता आला नाही. नव्या वसाहतीतल्या त्या एकसारख्या सिमेंटच्या घरांत तिचं घर ओळखायचं ते आवाजावरून.

अहमदपूरला गाडी थांबली. कोणीतरी खिडकीतून भजी आत दिली. तेलाच्या वासाबरोबर मातीचा वास आला; तो कसा आला ते त्याला कळलं नाही. माळवदाची माती, वर्षानुवर्षं चुलीचा धूर प्यालेली. तो दहा वर्षांचा. अंगावर काय आहे ते माहीत नाही. तोंडाजवळ कणगीचा फुटका कड, त्यातून ज्वारी एकेक दाणा गळत होती, गालावर, जणू कोणी मोजून देतंय. डोळे उघडे की मिटलेले ते कळत नव्हतं. आणि वरून, फार वरून, विहिरीच्या काठावरून यावा तसा आईचा आवाज. ती रडत नव्हती. ती बोलत होती. 'दया, जगदेवी, ऐकायलाव का रे, आता फटफटलंय बघा. आता आपला बैल दिसायला लागलाय, तो हाय, त्याला काय झालं न्हाई. आता ज्ञानोबा आलाय. आता त्यानं पहार आणलीय. हूं म्हणा रे. कोंबडा हाय बघा मुंडेरीवर, ही मुंडेर तेवढी राहिली. हूं म्हणा.' रात्री गोष्ट सांगतानाची तिची ती पद्धत. ऐकणाऱ्याने हूं म्हणायचं. हूं नाही आला तर पोर झोपलं असं समजून गोष्ट थांबते. म्हणून गोष्ट चालू राहावी असं वाटत असेल तर हूं म्हणायचं. ढिगाऱ्यातून वर काही जात नव्हतं, खालचे हूं खालीच राहत होते; पण ती थांबत नव्हती. ऊन डोक्यावर आलं तरी थांबत नव्हती. तिने त्या दिवशी गावाची सगळी बातमी खाली सोडली, मेलेल्यांची नावं तेवढी वगळून. हे वगळलेलं त्याला नंतर कळलं.

पुढचं साखराबाई सांगते, पाहुण्यांना, बातमीदारांना, सोयरिकीला आलेल्यांना. तिने ते इतक्यांदा सांगितलंय की त्यातले शब्द आता हलत नाहीत. 'मग ज्ञानोबा म्हणला, वैनी, घडीभर गप बस. तुझ्या आवाजानं आतलं ऐकू येईना. मी तोंडावर पदर दाबून धरला. सगळेच गप बसले. वारं सुदिक गप. आन तवा आतून ह्याचं कण्हणं ऐकू आलं त्यास्नी. मग तिथंच पहार घातली. गप बसले म्हणून घावला माझा दया. जगदेवी तर पहिल्या धक्क्यालाच गेली, झोपेतच. तिला काही कळलंच न्हाई माझ्या लेकीला, देवानं तेवढं तरी केलं.' हे सांगताना ती ज्ञानोबाकडे बघते आणि ज्ञानोबा मान खाली घालतो, मोठं काम केलेला माणूस घालतो तशी. तो तेव्हापासून रोज तिच्याकडे चहाला येतो. त्याचे स्वतःचे सगळे गेले होते. दयानंदच्या लग्नात टोपी-उपरण्याचा पहिला मान ज्ञानोबाला होता. मौनाबद्दलची दयानंदची साक्ष ती हीच. सगळे गप्प बसले म्हणून तो आहे.

लातुरात उतरला तेव्हा क्लास सुटले होते. सगळा रस्ता मुलांनी भरून वाहत होता, पाठीवर पिशव्या, हातात पाण्याच्या बाटल्या, आणि एवढ्या मुलांचा मिळून जेवढा आवाज व्हायला हवा त्याच्या पावही होत नव्हता. घरांवर घरं चढवून हॉस्टेलं झाली होती. एके काळी इथले लोक दुसरा मजला बांधायला घाबरत; भेगा दाखवत फिरत. आता एकेका खोलीत प्लायवूडची भिंत घालून दोन खोल्या केल्या होत्या, आणि जिन्यात, संडासाच्या दारावर, पाण्याच्या टाकीवर, सगळीकडे एकच पाटी. शांतता राखा.

'पालक भेट रविवारी,' रेक्टर मॅडम म्हणाल्या. त्या केळं खात होत्या आणि केळं संपेपर्यंत वर बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. 'नांदेडवरून आलोय.' 'लोक परभणीवरून येतात. घरात कोणी वारलं का?' 'न्हाई.' 'मग?' तो म्हणाला, 'तिची आजी.' 'वारल्या?' 'न्हाई. वाट बघायली.' मॅडमनी केळ्याचं साल टोपलीत टाकलं आणि त्याच्याकडे पहिल्यांदा बघितलं. 'अर्धा तास,' त्या म्हणाल्या. 'अभ्यासिकेची घंटा झाली की उठायचं. नियम सगळ्यांना सारखा.'

जिन्याखालच्या बाकावर तो बसला. आधी दुसरीच मुलगी खाली आली, जेबा, ऋतुजाची खोलीतली जोडीदारीण, नांदेडचीच. तिने ओढणी सारखी केली आणि घाईघाईने म्हणाली, 'अंकल, ऋतू येऊन राहिली. मी सांगितलं म्हणू नका हां. ती आता बोलतच नाही कुणाशी. आधी कानात एक वायर असायची तिच्या, मी म्हणायची, काय गं, कोणता हीरो आहे? तर तिनं एकदा माझ्या कानात घातली. तर तुमची अम्मी कोंबडीला शिव्या देत होती! या अल्ला, किती हसलो आम्ही. मग मीपण ऐकायची कधी कधी. झोप छान लागायची.' तिने जिन्याकडे बघितलं. 'आता ऋतू झोपेत हूं हूं म्हणते. रात्रभर. मी उठून बघते तर डोळे बंद.' वर पावलं वाजली तशी ती निघून गेली.

ऋतुजा बारीक झाली नव्हती. त्याने बसमध्ये तिला बारीक, काळवंडलेली, रडणारी अशी सगळ्या प्रकारे बघून ठेवली होती. ती तशी काहीच नव्हती. केस घट्ट बांधलेले, बोटांना निळी शाई. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. 'फोन कुठंय?' 'पेटीत.' 'चालू कर. मी मर्यादा काढली. सगळी काढली. कितीबी वेळ बोल.' 'राहू द्या.' 'आजीचा फोन आलता मला. मला माहीतच नव्हतं ऋतू, की तू आजीशी… तू सांगायचं तरी.' ती बोटावरची शाई दुसऱ्या बोटाने पुसत राहिली. 'इथं आवाज नसतो बाबा,' ती म्हणाली. 'रात्री पंखा बंद केला तर कानात कुणी माती भरल्यागत होतं. मी बोलत नव्हते. आजी बोलायली की मला वाटायचं, वर कोणीतरी आहे. मग गणितं सुटायची. तुम्ही यादी बघितली, मार्क नाही बघितले. मार्क वाढले होते.' हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. तो म्हणाला, 'मग आता कर की फोन. माझ्यासमोर कर. ती वाट बघायली.' 'करून काय म्हणू?' 'काही नको म्हणू. हूं म्हण.' तिने त्याच्याकडे बघितलं, फार लांबून बघावं तसं. 'आता जमत न्हाई. सर म्हणले होते, सवय मोडायला तीन आठवडे लागतात. मला इतके लागलेच न्हाईत. पहिल्या दिवशी तुम्हाला मागितलं, मागितलं. मग एकदम काहीतरी बंद झालं. आता बरं वाटतंय. काहीच वाटत न्हाई.'

'नांदेडला चल,' तो म्हणाला. 'आत्ता. घरून अभ्यास कर.' 'तिथं काय हाय?' ती म्हणाली.

मग त्याने बोलायला सुरुवात केली. त्याला बोलायची सवय नव्हती. ऑफिसात तो भांडायचा, घरी विचारायचा, या दोन्हींत बोलणं येत नाही. तरी त्याने सुरू केलं, आईसारखंच, जे समोर येईल ते. की धर्माबादची मिरची भरली की गार्ड नांदेडपर्यंत शिंकत येतो. की बसमध्ये एका पोराला त्याची आई अस्वल दाखवत होती आणि अस्वल थांबलं की पोर तिला चावत होतं. की तिच्या आईने गच्चीत पुन्हा दोडक्याचा वेल लावलाय आणि तो शेजाऱ्यांच्या तारेवर गेलाय आणि शेजारीण म्हणते, अर्धे दोडके आमचे. प्रत्येक वाक्यानंतर तो थोडा थांबायचा. थांबण्याची जागा सोडायचा. ती समोरच्या भिंतीवरच्या पाटीकडे बघत होती. वाक्य तिच्यापर्यंत जात होतं आणि तिथून काही वर येत नव्हतं. त्याने आणखी भराभर बोलायला घेतलं, मुनीबचा फरहान, ज्ञानोबाची कवळी, साहेबांच्या खोलीतलं पारव्याचं घरटं, आणि बोलता बोलता त्याला कळलं की उन्हात ढिगाऱ्यावर बसून खाली काही ऐकू जातंय की नाही हे माहीत नसताना बोलत राहणं काय असतं. आईने ते अर्धा दिवस केलं होतं. त्याला अर्धा तास पेलवेना.

घंटा झाली. ती उठली. 'मॅडम,' तो दाराकडे बघून म्हणाला, 'आणखी पंधरा मिनिटं बसू द्या.' रेक्टर मॅडम नियमाच्या पक्क्या होत्या, पण बापाचा चेहरा बघून त्यांनी ऋतुजाकडे बघितलं, तूच ठरव अशा अर्थाने. ऋतुजाने मान हलवली. नाही. मग वाकून त्याच्या पायाला हात लावला, पाहुण्यांच्या पडतात तशी पाया पडली, आणि जिना चढून गेली. तिच्या चपलेचा आवाज पहिल्या मजल्यापर्यंत आला. वरच्या मजल्यांवर तो येत नाही, तिथे रबर घातलंय.

दुसऱ्या रविवारी यादी आली. हिरव्यात सगळ्यात वर, पहिलं नाव. ऋतुजा दयानंद. वेळ : शून्य. सरांचा निरोप नेहमीपेक्षा लांब होता. तीन आठवडे लाल रंगात असलेली आपली एक विद्यार्थिनी आज शून्यावर आहे, पालकहो, हे पालकांचं यश आहे, या वडिलांकडून शिका. टाळ्या वाजवणारे पिवळे हात एकाखाली एक येत गेले, येत गेले, त्याला अंगठ्याने वर सारत राहावं लागलं. उदगीरच्या वडिलांनी विचारलं, सर, काय उपाय केला ते सांगा ना प्लीज. दयानंदने लिहिलं, काढून टाका हे. मग ते पुसलं. फी भरताना सरांपुढे जसे दोन हात जोडले होते तसे जोडलेले दोन हात पाठवले. त्यालाही टाळ्या आल्या.

तेवढ्यात साखराबाईचा फोन. आता तिला करता येऊ लागला होता. 'लागंना अजून,' ती म्हणाली. 'पर मी बोलते. लागू दे न लागू दे, रोजच्या वक्ताला ठेवते देवापाशी आन बोलते. आतून ऐकत असंल पोरगी. न्हाई का? तू न्हाई का ऐकलास?' मागे कोंबड्यांचा कलकलाट होता आणि ज्ञानोबाच्या बशीचा आवाज. 'आज ज्ञानोबाला तीच गोष्ट सांगायले होते. म्हणलं, तू म्हणलास वैनी गप बस, म्हणून घावला माझा दया. दया? हायस का? हूं म्हण की रे.'

'हूं,' तो म्हणाला.

जगदेवी झोपेत गेली नव्हती. तिने त्याचा पाय धरला होता, आणि आई गप्प बसेपर्यंत ती हूं म्हणत होती.